लाडकीचा एक जून

दर वर्षी जूनच्या पहिल्या तारखेला माझ्या मोबाइलवर लाडकीच्या वाढदिवसाच्या शुभेच्छा येतात. तिला नाही, मला. 'भारतीय फुटबॉल संघाची माजी बचावपटू लाडकी नवशा खरपडे हिला घडवणारे आमचे प्रताप सावे गुरुजी' असं लिहून कोणीतरी आमचा जुना फोटो टाकतं, खाली केक आणि फुगे. गेल्या वर्षी तर केळव्याच्या एका मंडळाने मला शाल आणि नारळ दिला. घरी आल्यावर तो नारळ मी अंगणात असा आपटला की माझी बायको सुलू पोफळीत पाणी सोडायचं टाकून धावत आली.

"नारळानं काय केलं तुमचं?" ती म्हणाली.

नारळाने काही केलं नव्हतं. लाडकीचा जन्म एक जूनचा नाही. ती तारीख मी लिहिली, माझ्या ह्या हाताने, आणि तिच्या खेळाचं जे काही वाटोळं झालं त्याची सुरुवात त्या तारखेपासून झाली. हे मी कधीच कोणाला सांगितलं नव्हतं. लोक शाल देत गेले, मी घेत गेलो. ह्या वर्षी सांगायची पाळी आली, म्हणून आता सगळंच सांगतो.

बोईसरहून पूर्वेला गेलं, सूर्या नदी ओलांडली की डोंगराच्या पायथ्याशी आमची आश्रमशाळा होती. मी तिथे पंच्याऐंशी साली लागलो आणि निवृत्त होईपर्यंत तिथेच राहिलो. सत्त्याण्णवच्या जूनमध्ये पहिलीचे प्रवेश करायला बसलो होतो. समोर अडतीस मुलं, त्यांचे आईबाप, आणि संध्याकाळपर्यंत आकडा कळवा म्हणून साहेबांचा निरोप. नियम असा, की पहिलीतलं मूल सहा वर्षांचं हवं. जन्माचा दाखला एकाकडेही नाही. निम्म्या बायका वीटभट्टीवर बाळंत झालेल्या. मग मी काय करावं? जे माझ्या आधीच्या गुरुजींनी केलं आणि माझ्यानंतरच्यांनीही केलं तेच केलं. अडतीसच्या अडतीस मुलं मी एक जून एक्क्याण्णवला जन्माला घातली. ब्रह्मदेवालाही जमलं नसतं.

रांगेत सोमी होती, नवशा खरपड्याची बायको. तिची पोर बाकीच्यांपेक्षा वीतभर उंच. ते मला दिसत होतं, डोळे काही फुटले नव्हते. मी विचारलं, "पोरगी कधी झाली?"

सोमी म्हणाली, "वड पडला ना गावदेवाचा, त्या पावसात. वड पडला त्याचे दुसरे दिशी. सोमवार होता."

"बाई, वडाचं पुराण नको. साल सांग."

"साल मना काय ठाव, गुरुजी? वड तं तुमाला बी ठाव हाय."

एवढं बोलून तिने माझ्याकडे असं पाहिलं, जणू अडाणी मी होतो. होतोच. कारण तो वड पडला तेव्हा मी तिथेच होतो. रस्ता दोन दिवस बंद होता, शाळेला सुट्टी दिली होती. बाईने मला वार सांगितला, दिवस सांगितला, खूण सांगितली. यापेक्षा पक्की तारीख शहरातल्या कोणत्या आईने दिली असती? मी हसलो, बाजूच्या शिक्षकाला डोळा मारला आणि लिहिलं : १ जून १९९१.

फुटबॉल शाळेत आला तो तारापूरच्या वसाहतीतल्या एका भल्या माणसामुळे. त्याने दोन जुने चेंडू दिले. मला त्यातलं ओ की ठो कळत नव्हतं, मी केळव्यात वाळूवर व्हॉलीबॉल खेळलेला माणूस. मी चेंडू मध्ये टाकायचो आणि शिट्टी वाजवायचो. पण चौथी-पाचवीतली लाडकी मोठ्या मुलांना अडवते आहे हे शिट्टी वाजवणाऱ्यालाही दिसत होतं. ती धावून अंगावर जायची नाही. समोर उभी राहायची, जरा वाकून, नजर चेंडूवर. पोरगा डावीकडे झुकला की ही हलायची नाही, उजवीकडे झुकला तरी नाही. मग त्याचाच धीर सुटायचा, चेंडू पायापासून हातभर लांब जायचा आणि तेवढ्यात हिने तो नेलेला असायचा.

मी एकदा विचारलं, "अगं, तू पुढे का होत नाहीस?"

"खेकडा धरतात ना, गुरुजी, तसा. पायात पाय नाय घालायचा. थांबायचा. येऊ द्यायचा."

पावसाळ्यात बांधावर ही मुलं खेकडे धरतात. नवखा बिळात हात घालतो आणि बोट फोडून घेतो. जाणता बिळाशी थांबून राहतो, खेकडा पुरता बाहेर आला की मागून पाठ दाबतो. पुढे मोठमोठे प्रशिक्षक तिच्या खेळाबद्दल इंग्रजीत बरंच बोलले. मला त्यातलं जे समजलं ते एवढंच होतं, खेकडा.

तालुका झाला, जिल्हा झाला, राज्य झालं. दोन हजार आठच्या जानेवारीत सतरा वर्षांखालच्या मुलींच्या भारतीय संघाच्या शिबिराचं बोलावणं आलं. शाळेत आम्ही तारपा वाजवून तिला निरोप दिला. चौदा दिवसांनी ती परत आली. एकटी, पत्र्याची पेटी डोक्यावर, बोईसर स्टेशनपासून मिळेल त्या गाडीने आणि उरलेलं पायी.

झालं होतं असं. शिबिरात सगळ्या मुलींच्या मनगटाचे एक्स-रे काढले. लाडकीच्या हाडाने सांगितलं, अठरा पुरी. कागदाने सांगितलं, साडेसोळा. हाडं खोटं बोलत नाहीत म्हणे. मग खोटं कोण बोललं हे कोणी विचारलं का? शाळेला एक फोन केला का? अंहं. त्यांना खोटारडी समोरच सापडली होती, काळी, आदिवासी, धड हिंदी न येणारी. फाइलवर शेरा मारला : खेळाडूने वय लपवले. एक वर्षाची बंदी घातली. एक बाई सगळ्या मुलींसमोर तिला 'चोर' म्हणाली. आज त्या बाईंचं नाव मला माहीत असतं तर मी त्यांच्या दारात जाऊन बसलो असतो.

खोटं बोलतोय. नसतो बसलो. कारण लाडकी परत आली तेव्हा पेटी खाली ठेवून तिने मला पहिला प्रश्न विचारला तो हा : "गुरुजी, मी काय लपवला?"

आणि मी म्हणालो, "त्यांची काहीतरी चूक झाली असेल."

मी घाबरलो होतो. एकीची तारीख खोटी म्हटली की अडतीस जणांच्या निघाल्या असत्या, चौकशी लागली असती, नोकरीवर आलं असतं. म्हणून मी शब्द गिळला आणि एका पोरीला चोर ठरू दिलं. नंतर त्याच पोरीचा गुरू म्हणून पाठ थोपटून घेतली. तुम्हाला माझा राग येत असेल तर यायलाच हवा. मला सतरा वर्षं येतोय.

वर्षभर तिने शाळेच्या मैदानावर मुलांबरोबर खेळून काढलं. मग पुन्हा राज्याचा संघ, आणि दोन हजार अकरा साली थेट मोठ्यांचा भारतीय संघ. तिथे वय विचारत नव्हते. सात वर्षांत ती देशासाठी सत्तावीस सामने खेळली, बचावफळीच्या मधोमध. मी ते सामने पाहिले कुठे? टीव्हीवर नाही. टीव्हीला मुलींच्या फुटबॉलसाठी वेळ कुठला? माझा पुतण्या केदार मोबाइलवर कुठून तरी चित्र शोधून द्यायचा. निम्मा वेळ ते गोल गोल फिरत राहायचं, आणि मी केळव्यातल्या घराच्या गच्चीवर मोबाइल वर धरून उभा.

एक सामना मात्र नीट दिसला. समोरच्या संघाची एक धिप्पाड मुलगी आमच्या दोघींना चकवून सुटली होती. गोलकीपर पुढे आलेली, मागे जाळं मोकळं आणि मध्ये फक्त लाडकी. मी गच्चीवरून ओरडलो, "जा ना अंगावर!" ती गेली नाही. मागे मागे सरकत राहिली, वाकून, हात जरा पसरून. त्या मुलीने एकदा खांदा टाकला, दोनदा टाकला. तिसऱ्यांदा चेंडू हातभर लांब गेला. पुढचं सांगायला नको. दुसऱ्या दिवशी पेपरात चार ओळी होत्या आणि त्यात गोल मारणारीचं नाव होतं. लाडकीचं नव्हतं. न झालेल्या गोलची बातमी कोण छापणार? सत्तावीस सामन्यांत तिने एकही गोल मारला नाही, म्हणून आमच्या जिल्ह्यातल्या एका सत्काराला पाहुण्याने भाषणात विचारलं, "मग ताईंनी नक्की केलं काय?" लोक हसले. तीही हसली. मला तिचं ते हसणं आजही सहन होत नाही.

दोन हजार अठरात गुडघा गेला. मैदानावरून तिला उचलून बाहेर आणली आणि तिथेच तिचा विषय संपला. ऑपरेशननंतर कोणाचा फोन नाही, चौकशी नाही. बोईसरला औषधाच्या एका कारखान्यात ती ठेकेदाराकडून डबे भरायच्या कामाला लागली. तिचा सुपरवायझर तिला काय म्हणाला ते तिने मला मजा म्हणून सांगितलं : "इंडिया खेली है तो क्या, पहले डिब्बा भर." ती सांगताना हसत होती. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली होती.

पण सकाळी कामावर जायच्या आधी ती आमच्या जुन्या शाळेच्या मैदानावर मुलींना शिकवते. सोळा मुली आहेत. त्यांतल्या स्नेहाला मी खेळताना पाहिलंय. ती पण अंगावर जात नाही, उभी राहते.

आता ह्या वर्षीचं. जिल्ह्यात मुलींच्या फुटबॉलला मार्गदर्शक नेमायची एक जागा निघाली. देशासाठी खेळलेली व्यक्ती हवी, वय एक ऑगस्टला पस्तीसच्या आत. लाडकी कागदावर चौतीस. तिच्याइतकं खेळलेलं दुसरं कोणीही अर्जदारांत नव्हतं. ती जागा मिळाली असती तर डबे सुटले असते, मुलींना बूट मिळाले असते, दिवसभर मैदान मिळालं असतं. यादीत तिचं नाव पहिलं लागलं आणि चौथ्या दिवशी कोणीतरी हरकत घेतली : ह्या बाईवर वय लपवल्याचा शेरा आहे.

पालघरच्या कार्यालयातल्या साहेबांनी तिला तोडगा सांगितला. सोपा होता. तारीख ज्याने लिहिली त्या गुरुजींनी लिहून द्यावं की १ जून १९९१ हीच खरी जन्मतारीख आहे, एक्स-रेचीच काही गफलत असेल. तेवढा कागद लावला की हरकत फेटाळता येईल. मजकूरही त्यांनीच टाइप करून दिला. मी फक्त सही करायची.

तो कागद घेऊन लाडकी केळव्याला आली. सुलूने तिला चहा दिला. ती पायरीवर बसली, दुखरा गुडघा सरळ ठेवून.

मी कागद वाचला आणि पेन शोधायला उठलो. मी म्हणालो, "एकदा खोटं लिहून तुझं नुकसान केलं. आता तेच परत लिहून भलं होत असेल तर मी दहादा लिहीन."

हे माझ्या तोंडून गेलं आणि मग मला कळलं, की मी तिला आज पहिल्यांदा सांगितलं होतं. सतरा वर्षांनी. सुलू दारात थांबली. लाडकी कपातल्या चहाकडे बघत होती.

"मना ठाव होता, गुरुजी," ती म्हणाली. "आयशीनी सांगलेला. वडाचा."

"मग तू बोलली का नाहीस?"

"तुमी बोलाल असा वाटला."

माझ्या कानाखाली कोणी जाळ काढला असता तर बरं झालं असतं. मी खाली मान घालून पेनचं टोपण काढलं. तिने माझा हात धरला.

"हे नाय लिवायचा. खरा लिवा."

"अगं, वेडी झालीस का? खरं लिहिलं तर तू छत्तीसची होतेस. जागा गेली!"

"माज्या सोळा पोरींत नऊ जणी एक जूनच्या हायत," ती म्हणाली. "भट्टीवर जल्मलेल्या. आता कम्प्युटरवर हाय, पण एक जूनच. स्नेहा कागदावर चवदाची. मी बगते ना तिला, ती सोळाची हाय. पुडच्या महिन्यात तिची निवड हाय, मनगटाचा फोटो काडतील. तुमी आज लिवला का एक जून खरी, मंग उद्या तिला चोर म्हणतील तवा मी कोणता तोंड घेऊन जाऊ? म्हणू का, आमचे गुरुजींनी सही केलीय?"

मी भांडलो. खूप भांडलो. ओरडलो, की जगाचा मक्ता तूच घेतलायस का, स्नेहाचं स्नेहाची आई बघेल, तुला मिळालंय काय आजवर, चोर हा शब्द आणि फाटका गुडघा! ती गुडघा चोळत होती. माझं ओरडून संपेपर्यंत बसून राहिली. तिची ती सवय मला ठाऊक होती, तरी मी सापडलो.

दुसऱ्या दिवशी मी शाळेत गेलो. हल्लीच्या मुख्याध्यापकांनी जुनं कपाट उघडून दिलं. शाळेची रोजनिशी मीच लिहायचो, एकोणनव्वदची वही वाळवीने कडेला खाल्ली होती पण अक्षर शाबूत होतं. माझंच वळणदार अक्षर. 'दि. ९ जुलै १९८९, रविवार. गावदेवाजवळील मोठा वड सायंकाळी पाच वाजता उन्मळून पडला. रस्ता बंद. सोमवार व मंगळवार शाळेस सुट्टी.' म्हणजे लाडकी दहा जुलैची. सोमवार. सोमीने सांगितला तोच. मी ते पान हातात धरून बसलो. पडलेल्या झाडाचा दिवस, वार, वेळ मी नोंदवून ठेवली होती. आणि जन्मलेल्या पोरीच्या आईला म्हणालो होतो, पुराण नको. त्याच हाताने, त्याच शाईने.

त्या पानाची झेरॉक्स आणि माझा जबाब घेऊन आम्ही दोघं पालघरला गेलो. जबाबात मी सगळं लिहिलं. तारीख मी मनाने घातली, आईने खरी सांगितली होती, खेळाडूने काहीही लपवलेलं नाही, खोटं बोलणारा मी आहे. साहेबांनी वाचलं आणि कपाळाला आठ्या घातल्या.

"गुरुजी, तुम्ही हे काय केलंत? आता ह्यांचं वय बसत नाही."

"नसू दे. तो शेरा काढा. वय तिने लपवलं नाही, मी लपवलं."

"शेरा काढायची तरतूद आमच्याकडे नाही. ते वरच्यांचं काम."

"म्हणजे खरं बोलल्यावर जागा तुम्ही घेणार, आणि चोर हा शब्द तिच्याकडेच ठेवणार?"

हे मी इतक्या जोरात बोललो की बाहेरचा शिपाई आत डोकावला. टेबलावर हात आपटला, तो आठवडाभर दुखत होता. सदुसष्टाव्या वर्षी मला जेवढ्या शिव्या येत होत्या त्यातल्या निम्म्या दिल्या. साहेब शांतपणे पाणी प्यायले. त्यांना रोजची सवय असावी. लाडकी माझ्या मागे उभी होती. ती पुढे आली आणि म्हणाली, "सायब, कागद मिळाला म्हणून ह्यावर शिक्का मारून द्या."

तेवढं मात्र त्यांनी केलं. ज्याला ती जागा मिळाली तो देशासाठी कधी खेळलेला नाही. त्याचं नाव मी इथे लिहीत नाही, कारण लिहिलं तर शिवीसकट लिहीन. आणि लाडकी अजून डबे भरते.

मी समजत होतो, झालं, माझं पाप फिटलं. बाहेर रिक्षाची वाट बघताना तिने मला विचारलं, "रविवारी मोकळे हाव ना, गुरुजी? नऊ घरं हायत. तुमचा अक्षर चांगला हाय."

रविवारी आम्ही पाड्यावर गेलो. मी, ती आणि एक कोरी वही. पहिलं घर स्नेहाचं. तिची आई ओट्यावर नाचणी निवडत होती. मी समोर मांडी घातली, वही उघडली, चष्मा लावला आणि विचारलं, "स्नेहा कधी झाली?"

"भट्टीवर होतो आमी," बाई म्हणाली. "मालकाची चिमणी पडली ना, तवा..."

"चिमणी राहू द्या," मी म्हणालो, "साल कोणतं?"

बाईने नजर खाली घालून सूप पुढे ओढलं. मी वर पाहिलं. लाडकी माझ्या पाठीमागे उभी होती, जरा वाकून, एक पाय पुढे.

"पायात पाय नका घालू, गुरुजी," ती हळूच म्हणाली. "थांबा. येऊ द्या."

मी पेन वहीवर ठेवलं आणि थांबलो. बाईने सुपातली नाचणी एकदा पाखडली, दोनदा पाखडली. मग ती चिमणीचं सांगू लागली, आणि मी एक शब्दही न बोलता ऐकत राहिलो.